गोलाची खोली

"बाई, तुम्ही चुकीच्या खोलीत बसला आहात," नगरपालिकेचा कारकून मला म्हणाला. त्या खोलीत मी तेवीस वर्षं बसत होते.

तो घराच्या नोंदीत नवी नावं चढवायला आला होता. वडील गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या भावाने घराची वाटणी कोर्टातून करून घेतली होती, अगदी राजीखुशीने. खोल्या दोन, वारस दोन. हुकमात लिहिलं होतं: घरात शिरताना डाव्या हाताची खोली मुलीला, उजव्या हाताची मुलाला. आणि माझा रबरी शिक्क्यांचा कारखाना उजव्या हाताला होता. जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेला दाबयंत्राचा सांगाडा, पाण्याचा नळ, उत्तरेची मोठी खिडकी, सगळं तिथेच. डावी खोली म्हणजे काळोखी कोठी. तिथे बसून मी अक्षरं कोरायची म्हटलं तर महिन्याभरात आंधळी होईन.

"आठ महिने झाले हुकमाला. वाचला नाहीत?"

खरं सांगायचं तर मजकूर मी वाचलाच नव्हता. सोबत जोडलेला नकाशा तेवढा बघितला होता, आणि तो बरोबर होता. कारकुनाने तो माझ्यापुढे धरला. मी पुन्हा बघितला. पुन्हा बरोबर.

"अहो, हा गोल कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कारखान्यावर."

"डावीकडे आहे तो, बाई."

डावीकडेच होता. मी कपाळाला हात लावला.

कुठली खोली कोणाची ते सांगायला हा नकाशा वडिलांनी शेवटच्या आजारपणात पातळ कागदावर पेन्सिलीने काढला होता. दरवाजा, बोळ, दोन बाजूंना दोन खोल्या. एकीत गोल, दुसरीत चौकोन. आम्ही लहान असताना डब्यांवर, दप्तरांवर ते माझ्यासाठी गोल शिक्का मारायचे आणि भावासाठी चौकोनी. अक्षर एकही नव्हतं. आता शिक्केवाल्याचा हात म्हणजे काय, ते सांगते. कागदावर सुलट उमटायचं म्हणून आम्ही जन्मभर सगळं उलट काढतो. वडील तर भाजीची यादीही कधीकधी उलटी लिहायचे आणि आई ती आरशात बघून बाजारात जायची. त्यांनी घर उलटं काढलं. मी ते उलटं बघितलं, म्हणजे मला ते सुलट दिसलं. वकिलांनी मात्र चारचौघांसारखं वाचलं आणि तसंच टाइप झालं.

निदान माझी तरी तशी खात्री होती. आमच्या वकीलबाईंची नव्हती.

"हुकमात हात चुकला असेल तर साधा अर्ज पुरतो," त्या म्हणाल्या. "पण मन बदललं असेल तर कोर्ट उभं करणार नाही. वडिलांना खरंच कारखाना मुलाला द्यायचा नव्हता कशावरून?"

हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवीस वर्षं त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? भाऊ पंधराव्या वर्षीच बाहेर पडला आणि पुढे बसचा ड्रायव्हर झाला. पण रात्री पडल्या पडल्या तोच प्रश्न मला कुरतडायला लागला. आपल्याला डावललं तर नसेल? खोली जायची भीती होतीच, पण हे जाणून घ्यायची खाज त्याहून मोठी होती.

अर्ज केला. भावाला नोटीस गेली. तारखेला तो कामावरचा खाकी शर्ट घालूनच आला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मी हसले, तोही हसला.

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांना सर्दी झाली होती आणि आमचं प्रकरण त्यांना आवडलेलं दिसत होतं.

"चूक कारकुनाची नाही, टायपिस्टची नाही," ते म्हणाले. "मग माझ्या हुकमात ती आली कुठून?"

"साहेब, नकाशा हुकमाचाच भाग आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तो शब्दांत उतरवताना डाव्याचं उजवं झालं."

"बाई उलटं वाचतात म्हणता?" त्यांनी टेबलावरचा कोर्टाचा शिक्का उचलून रबराची बाजू माझ्याकडे केली. "वाचा."

मी एका दमात वाचला. वर सांगितलं की दुसऱ्या ओळीत अक्षरांमधलं अंतर चुकलंय आणि हा आमच्याकडचा नाही. वकीलबाईंनी माझा पदर ओढला. न्यायाधीश शिक्का डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"तुम्ही उलटं वाचता हे पटलं. वडिलांनी उलटं काढलं, हे अजून ठरायचंय." त्यांनी तो पातळ कागद खिडकीसमोर धरला, पालटला, पुन्हा धरला. "दाराशी ही वाकडी रेघ कसली?"

ती रेघ मी शंभरदा बघितली असेल. दाराची फळी कुठल्या बाजूला उघडते ते दाखवणारी रेघ होती ती. नकाशात दार डाव्या भिंतीकडे उघडत होतं. आमचं दार कुठे उघडतं? मला आठवेना. जन्म गेला त्या दारातून ये-जा करण्यात, आणि आठवेना. मी हात पुढे करून हवेत दार ढकलून बघितलं. लोक हसले.

न्यायाधीशांनी बेलिफाला घर बघायला पाठवलं आणि आम्हाला दुपारी यायला सांगितलं. ते तीन तास मी कोर्टाच्या आवारात येरझाऱ्या घातल्या. भावाने मला चहा आणून दिला. स्वतः घेतला नाही.

बेलिफाने येऊन सांगितलं की दार उजव्या भिंतीकडे उघडतं. बिजागऱ्या जुन्या, घर बांधलं तेव्हाच्या आहेत, चौकटीत दुसऱ्या बाजूला भोकं नाहीत.

म्हणजे अख्खं घरच उलटं काढलं होतं. वडिलांनी मला डावललं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"तुमची काही हरकत?" न्यायाधीशांनी भावाला विचारलं.

तो उभा राहिला. "नाही साहेब."

दहा मिनिटांत दुरुस्ती झाली. डाव्याच्या जागी उजवा, उजव्याच्या जागी डावा, खाली सही. वकीलबाई पुढच्या प्रकरणाकडे वळल्या आणि आम्ही दोघं जिना उतरलो. मी भलतीच खुशीत होते. तोंडाचा पट्टा चालूच होता.

"काय रे, तू सही करायच्या आधी वाचला होतास का हुकूम?"

"वाचला होता."

"मग उजवी खोली तुझ्या नावावर दिसली तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला चूक वाटली नाही ना, ताई."

मी थांबले. तो दोन पायऱ्या खाली जाऊन वळला.

"मला कधी उलटं अक्षर जमलं नाही," तो म्हणाला. "मी कोरलेला प्रत्येक शिक्का वाया जायचा. शेवटी बाबांनी माझ्या हातातली कोरणी काढून घेतली आणि म्हणाले, तू बाहेर खेळ. त्यानंतर मी आत पाऊल टाकलं नाही. मग तो नकाशा बघितला. कारखान्याच्या खोलीत चौकोन."

"अरे, पण मग खोली मागितली का नाहीस?"

"मला कुठे बसायचं होतं तिथे? तू बसतेसच की. रविवारी यायचो तेव्हा उंबऱ्यात उभा राहून बघायचो. वाटायचं, ही आपली खोली आहे. बाबांनी आपल्याला दिली."

त्याने घड्याळ बघितलं. त्याची फेरी पाचची होती.

"आठ महिने बरं वाटलं," तो म्हणाला, आणि बसच्या किल्ल्या काढायला खिशात हात घातला.