बाई येत्या

जयपाल मगदुमांनी तीस वर्षांत जिल्ह्यातल्या अर्ध्या इमारतींची किंमत ठरवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांची मनातल्या मनात. लग्नाला गेले तरी आधी कार्यालयाचा स्लॅब बघत, मग नवरानवरी. शाहूपुरीतल्या त्यांच्या ऑफिसातून सही होऊन गेलेला रिपोर्ट बँका डोळे मिटून घेत. माणूस सावध म्हणून प्रसिद्ध होता. त्या सावध माणसाला गेले दोन महिने स्वतःचंच एक वाक्य टोचत होतं.

‘स्थानिकांकडे चौकशी केली असता, जागेवर पाणी येत नाही असे समजले.’

जागा कोडोलीच्या पुढं, वारणेकाठची, अठरा एकर. धैर्यशील घोरपडे तिथं थीम पार्क आणि रिसॉर्ट काढणार होता. सिमेंटचा किल्ला, लाल मातीची तालीम, जिथं पुण्याच्या पाहुण्यांना पैसे भरून लोळायला मिळणार, आणि बारमाही गुऱ्हाळ, म्हणजे ऊस नसला तरी धूर निघणार. बँकेला फक्त एक शंका होती. २०१९ चा पूर शंभर वर्षांतून एकदाचा म्हणाले होते. ती शंभर वर्षं २०२१ मध्येच संपली. हॉटेलात एकदा पाणी शिरलं की किंमत उतरते आणि दुसऱ्यांदा शिरलं की घेणारा फोटो बघूनच परत फिरतो. म्हणून व्हॅल्युअरनं जागेवर जाऊन विचारावं, असं ठरलं.

जयपालरावांनी विचारलंही. नदीकडंला चिंचेखाली झुंबरबाई नावाची गावातली म्हातारी म्हैस चारत बसली होती.

“आजी, इथं पाणी येतं काय हो?”

“पाणी न्हाय येत, पावणं,” म्हातारी म्हणाली आणि तिनं नदीकडं बघून हात जोडले. “बाई येत्या.”

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. जयपालरावांना कळलं. त्यांची आईही याच नदीच्या खालच्या गावातली. तिनं जन्मात कधी पूर हा शब्द उच्चारला नव्हता. दारात आलेल्या नदीला पाणी म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, आणि खणानारळानं ओटी भरून परत पाठवायचं. त्यांनी पहिलं अर्धं वाक्य लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

कारण रिसॉर्टचे नकाशे आदितीचे होते. लेकीचं पहिलं मोठं काम. एक कप चहा सोडला तर त्यांनी धैर्यशीलकडून काही घेतलं नव्हतं, आणि हीच खरी अडचण होती. पैसे घेतले असते तर परत तरी करता आले असते.

भूमिपूजनाच्या सकाळी उप्पीट खाता खाता आदिती म्हणाली, “आप्पा, लेव्हल मी तुमच्या रिपोर्टवरनं धरली. पाहुणे वर टेकाडावर. कामाची चाळीस माणसं खाली नदीकडंला, बैठ्या खोल्या. जोतं दोनच फूट घेतलं.”

“दोन?”

“पाणी येत नाही म्हटलंय की तुम्ही.”

“उप्पीट खारट झालंय,” जयपालराव म्हणाले. उप्पीट आळणी होतं.

जागेवर मांडव, भटजी, पेढे, सगळं जय्यत. झुंबरबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिच्या सुनेला, बाळाबाईला, इथंच झाडलोटीचं काम आणि नदीकडंच्या बैठ्या खोल्यांतली एक खोली मिळणार होती. म्हातारीनं मांडवातली प्लास्टिकची खुर्ची ओढत चिंचेपाशी नेली, सुनेचा खांदा धरून वर चढली आणि हात पुरेल तितक्या उंच बुंध्याला कुंकू लावलं.

धैर्यशील हसला. “आजी, कुंकू लावायला विमान मागवू काय?”

“बाईचं कपाळ जितं, तितंच लावायचं की,” म्हातारी वरूनच म्हणाली. “दोनदा येऊन गेल्यात हितवर.”

आदितीही हसत होती. ती थांबली. “कोण बाई, आजी?”

“नदी गं पोरी! तुझ्या बाला ठावं हाय. त्यास्नी सांगिटलंय मी.”

आदिती वळली. “आप्पा, तुम्ही विचारलं होतं ना?”

“विचारलं होतं.”

“अवो, म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घेताय!” धैर्यशील घाईनं म्हणाला. “भटजी, मुहूर्त टळतोय, चला.”

म्हातारीची श्रद्धा आहे, एवढं म्हणून सुटता येत होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात बाळाबाई सासूला हात देऊन खाली उतरवू लागली, आणि जयपालरावांची नजर कुंकवावरून तिच्या डोक्याकडं गेली. कुंकू डोक्याच्या बरंच वर होतं.

“ती पुरतं बोलली होती,” ते म्हणाले. “मी अर्धं लिहिलं. धैर्यशीलराव, रिपोर्ट मी आज मागं घेतो.”

“म्हंजे? बँक काय म्हणंल, साहेब? आणि तुमच्या पोरीचं काम?”

जयपालरावांनी लेकीकडं बघायचं टाळलं. आदितीनं पर्समधून टेप काढली, बुंध्याशी उकिडवी बसून तिचं शून्य मातीला टेकवलं आणि दुसरं टोक बापाच्या हातात दिलं.

“चढा,” ती म्हणाली. “आणि मोठ्यानं वाचा.”

इस्त्रीच्या पँटीत, चार पाहुण्यांसमोर, जिल्ह्याचा सावध माणूस खुर्चीवर चढला. खुर्ची डुगडुगली. धरायला कुणी पुढं आलं नाही.

“सात फूट चार इंच.”

आदितीनं जोत्याचे दोन फूट वजा केले असणार. तिचे ओठ हलले तेवढे दिसले.

“अजून वाईच वर धरा, सायेब,” खालून झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. “खुर्ची बुटकी हाय, हात पुरंना म्हणून मी तितं लावलं. बाई त्याच्याबी वर आल्त्या.”

जयपालरावांनी टाचा उचलल्या.