तळहातावरचं मैदान

त्याचा डावा तळहात म्हणजे मैदान. मनगटापाशी आपला गोल, बोटांच्या मुळाशी समोरच्यांचा. अंगठ्याकडची बाजू ती डावी कड, करंगळीकडची उजवी. आणि तिची तर्जनी म्हणजे चेंडू. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलत, तळहात बदलत नसे. नऊ वर्षं दर शनिवारी दुपारी, बेंचच्या मागच्या तिसऱ्या रांगेत, तो हात मांडून बसे आणि ती त्यावर बोट फिरवत सामना सांगे.

तो मूळचा लेथवरचा कामगार. नजर एकदम गेली नाही, पाहुण्यासारखी दारात रेंगाळत गेली. आधी मापपट्टीवरच्या बारीक रेघा गेल्या, मग लेथवर लावलेल्या तुकड्याची कड, मग समोरच्या माणसाचं तोंड. शेवटी बसडेपोने त्याला चौकशीच्या फोनवर बसवलं. कुठली गाडी कुठून, किती वाजता, कुठे किती मिनिटं थांबते, सगळं त्याला तोंडपाठ. डेपोत त्याचं नाव पडलं टाइमटेबल.

ती गिरणीत कापड तपासायची. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकणारं कापड आणि त्यावर हिची नजर. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. फुटबॉल तिला कशाशी खातात ठाऊक नव्हतं. ऑफसाइड त्याने तिला शिवणाच्या डब्यातली बटणं चटईवर मांडून शिकवला. "हे काळं बटण आता कुठे गेलं?" असं तो विचारी, बोटांनी चाचपून पाही, आणि ती चुकली की खदखदून हसे.

शिकली आणि अशी शिकली की पुढच्या रांगेतली माणसं मान मागे करून तिचं ऐकू लागली. त्याला कारण पाखरू. डाव्या कडेला खेळणारा एक शिडशिडीत मुलगा, त्याला सगळं स्टँड पाखरूच म्हणे. चेंडू त्याच्या पायाशी आला की हिचं बोट अंगठ्याच्या बाजूने सुसाट सुटे आणि तोंडाला आपोआप चाल लागे:

सुटलं ग सुटलं, पाखरू सुटलं,
गवताच्या काठाला वारं ग फुटलं,
एकाला टाकलं, दुजाला गाठलं,
जाळीच्या कुशीत अंग ग लोटलं.

मग नवा मॅनेजर आला. उंच, खांदे जरा पडलेले, बाराही महिने तोच करडा कोट. त्याने पाखराला आधी बेंचवर बसवलं आणि हंगाम संपता संपता दुसऱ्या क्लबात धाडलं. त्याचा खेळ वेगळा होता. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाट दिसली नाही तर मागे. सहा महिन्यांत स्टँडने त्याचं बारसं केलं: आडवा.

बाकीच्यांचा राग पराभवाचा होता. हिचा वेगळा होता. या माणसाने तिच्याजवळ सांगण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. बोट आपलं करंगळीकडून अंगठ्याकडे, अंगठ्याकडून करंगळीकडे.

"अगं, माझ्या हाताला इस्त्री करतेस का?" तो म्हणाला.

"मी काय करू? त्या मेल्यालाच जाऊन विचारा."

सांगायला काही नाही म्हणून ती त्या मेल्याकडेच बघू लागली. तिसऱ्या रांगेतून तो जवळ होता, पण पाठमोरा; मान वळली तरी तोंड पुरतं दिसत नसे. एकदा त्याने तोंडावर हात नेला, ती म्हणाली, जांभई देतोय. एकदा घड्याळ पाहिलं, तिने ते तीनदा सांगितलं. नवऱ्याला मजा वाटे. तो मान हलवे, "काय माणूस आहे!" म्हणे, आणि तिच्या बोलण्यात पुन्हा जीव येई. कापडावरचा दोष शोधणारी नजर ती. दोष सापडेना तेव्हा तिने बसल्या जागी एक विणला.

त्या शनिवारी आपला गोलरक्षक, गोली, एकाच्या गुडघ्यावर आदळून पडला. खांदा निखळला असावा. त्याला स्ट्रेचरवर घेत असताना मॅनेजर पाण्याची बाटली हातात धरून उभा होता. ऊन समोरून येत होतं. त्याचं अर्धवट दिसणारं तोंड वाकडं झालं.

"हसतोय," ती म्हणाली. "अहो, गोली पडलाय आणि हा हसतोय."

शब्द सुटताक्षणी तिला कळलं की हे खरं नाही. पण नवऱ्याचा हात तिच्या बोटाभोवती मिटला होता, तोंड रागाने लाल झालं होतं, आणि कितीतरी महिन्यांनी तो जागचा उठून ओरडला होता. शब्द मागे घ्यायचा तो क्षण आला आणि निघून गेला.

सोमवारी टाइमटेबलने डेपोत सांगितलं. डेपोतून निघालेली गोष्ट ती, तिला पाय कशाला हवेत? तिला चाकं होती. मंगळवारी ती सगळ्या मार्गांवर पोचली. गुरुवारी गिरणीतला फिटर मशीन पुसता पुसता तिला म्हणाला, "वहिनी, ऐकलंत का? आडवा हसला म्हणे. माझ्या साडूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मांडीवर थाप मारून हसत होता."

"तुमचा साडू कुठे बसतो?"

"पलीकडच्या कोपऱ्यात. झेंड्याजवळ."

झेंड्याजवळून बेंचवरचं माणूस काडीएवढं दिसतं. त्या दिवशी संध्याकाळी मुकादमाने तिला एक ठाण परत आणून दाखवलं. लाल दोरा बांधला होता आणि कापड स्वच्छ होतं.

पुढचे चारही सामने क्लब हरला. मग एक दिवस स्टँडचा पुढारी घरी आला. मोठा गळा, म्हणून त्याला भोंगा म्हणत. घरातही तो सभेतल्यासारखाच बोले.

"येत्या शनिवारी ठरलंय, वहिनी. साठाव्या मिनिटाला सगळ्यांनी उठायचं आणि मैदानाकडे पाठ करायची. ढोल नाही, शिवी नाही, चकार शब्द नाही. शेवटच्या शिट्टीपर्यंत. फलकही केलाय, चाळीस फुटी."

"काय लिहिलंय?" टाइमटेबलने विचारलं.

"'हसून झालं? निघा आता.' हरणं आम्ही पचवलं असतं हो. पण हसणं? ते तुमच्यामुळे कळलं म्हणून, नाहीतर आम्ही बसलो असतो टाळ्या पिटत."

नवरा खुर्चीत जरा ताठ बसला. "माझं काय त्यात? डोळे हिचे."

तिने चहाचे कप उचलले आणि आत गेली. नळाखाली धुतलेलेच कप पुन्हा धुतले. सांगायला काय, चार शब्द होते. पण चार शब्दांनी डेपोतली त्याची मान खाली जाईल, आणि ते तर काहीच नाही. नऊ वर्षं त्याने जे जे पाहिलं ते तिच्या तोंडातून पाहिलं. एक धागा ओढला तर ठाण कुठवर उसवेल?

शनिवारी फलक गोलामागच्या कठड्यावर पसरला. एकेक अक्षर दाराएवढं. फलकावरचा पहिला शब्द तिचा होता आणि तो चार हजार माणसं वाचत होती.

"लावला का?" नवऱ्याने विचारलं.

"लावला."

"कसा दिसतोय?"

"मोठा."

साठावं मिनिट झालं. भोंग्याने हात वर केला. बाकं एकदम करकरली, चार हजार माणसं उठली आणि वळली. तीही वळली. समोर आता मैदान नव्हतं. वरच्या रांगांतल्या पाठीच पाठी आणि त्यांच्यावरचं पत्र्याचं छप्पर. तो मात्र बसूनच राहिला.

"टाइमटेबल, वळा की," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"वळून काय करू? मला दोन्हीकडे सारखंच."

दोघंतिघं हसू दाबत खांदे हलवू लागली. मग सगळं शांत झालं. त्या मैदानात असली शांतता कोणी कधी ऐकली नव्हती. छपरावर कबुतराची नखं वाजली तीही कळली.

त्याने मान जरा तिरपी केली. लेथवर असताना धातूला हत्याराची धार कशी लागतेय ते तो असाच ऐकायचा. मग हात लांब करून त्याने तिचा हात चाचपला, तळवा उघडला आणि त्यावर आपलं बोट टेकवलं.

"आपल्याकडे आहे," तो हळूच म्हणाला. "उजवीकडे. पास... पुन्हा पास. हा लांब मारला, हवेत आहे. पडला. कोणीतरी घसरलं, गवत फाटल्याचा आवाज आला बघ."

शेजारच्या माणसाने पाठ न वळवता कान कलता केला. "मग?"

"शिट्टी. खेळ थांबलाय. थांबा, गोली पाणी प्यायला आलाय बेंचपाशी."

त्याने कान बेंचच्या बाजूला लावला. बोट तिच्या तळव्यावर थांबलेलं. खालून एक आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, जरा बसलेला. गर्दीच्या गोंगाटात तो कधीच वरपर्यंत पोचला नव्हता.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं, पण तिला ठाऊक होतं.

"तोच. म्हणतोय, खांदा दुखत असेल तर सांग, लपवू नकोस. एक सामना गेला तर जाऊ दे, तुझा हात जायला नको." तो थांबला. "आवाज किती हळू आहे गं त्याचा."

ती छपराच्या पत्र्याकडे बघत राहिली.

"हा माणूस त्या दिवशी हसला?"

आजूबाजूला माणसं उभी होती. तिने मान खाली केली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "नव्हता हसला. ऊन होतं तोंडावर. तोंड वाकडं झालं. मी म्हटलं हसतोय."

त्याने तिच्या तळव्यावरून बोट उचललं. रागाने नाही, गरम भांड्यावरून उचलावं तसं. आपले दोन्ही हात त्याने मांडीवर ठेवले.

इतक्यात जाळीचा आवाज आला. सळ्ळ, आणि मग खेळाडूंचा ओरडा. पण आनंदाचा ओरडा दोन्ही संघांचा सारखाच, आणि लांबून आलेल्या संघाच्या मागे एकही माणूस आलेला नव्हता. कुणाचा गोल ते त्या चार हजारांत एकालाही कळेना. रांगांमधून कुजबुज पळू लागली, "कुणाचा? कुणाचा?" भोंग्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. वळायचं नाही असं ठरलं होतं, आणि ठरवणारा तोच.

"कुणाचा?" टाइमटेबलने विचारलं.

ती वळली. सबंध स्टँडमध्ये तिचा एकटीचा चेहरा मैदानाकडे.

"वहिनी, पाठ! पाठ!" वरून कोणीतरी दबक्या आवाजात ओरडलं.

"आपला," ती म्हणाली.

"नक्की?"

नऊ वर्षांत हा शब्द त्याने कधी वापरला नव्हता.

"नक्की. आपली पोरं एकमेकांच्या अंगावर पडलीत."

"मारला कोणी?"

तिच्या जिभेवर पाखराची चाल आली होती. एक खेळाडू डाव्या कडेला गुडघ्यांवर बसलेला दिसत होता; त्याच्यामागे एक सुंदर गोल सहज उभा करता आला असता.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "पाठ होती माझी."

त्याने मान हलवली. "आणि तो?"

"उभा आहे. हात खिशात. आपल्याकडे बघतोय, सगळ्या पाठींकडे."

"हसतोय?"

"नाही."

"मग?"

"नुसता बघतोय."

तोवर एकेक डोकं वळू लागलं होतं. कोणी खोकून वळला, कोणी टोपी उचलायच्या निमित्ताने. शेवटी भोंगाही वळला आणि फळ्यावरचा एक-शून्य बघून टाळी वाजवावी की नाही या विचारात हात अर्धे उचलून उभा राहिला.

तो एक विजय मॅनेजरला वाचवू शकला नाही. मंगळवारी क्लबने त्याला काढलं. सोमवारी टाइमटेबल डेपोत म्हणाला होता, "गोली पडला तेव्हा तो हसला नव्हता. आमची चूक झाली." 'हिची' म्हणाला नाही. ड्रायव्हर मंडळींनी ते हसण्यावारी नेलं.

"सोडा हो टाइमटेबल. आम्ही स्वतः पाहिलंय ना!"

हे त्याने घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. मग जोडे काढता काढता, तिच्याकडे तोंड न करता विचारलं, "पाखराने तो गोल मारला होता... दोघांवरून उडी मारून. ते दोघं होते?"

"दोघं होते."

"एक नव्हता?"

"दोघं होते हो."

तो थोडा वेळ जोडा हातात धरून बसला. "बरं," म्हणाला. विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

पुढच्या शनिवारी त्याने तळहात मांडला, पण म्हणाला, "आज बोलू नकोस. नुसतं बोट." तसे तीन शनिवार गेले. पुढच्या रांगेतली माणसं अधूनमधून मागे बघत आणि पुन्हा पुढे तोंड करत. ती बोट फिरवत राहिली, चेंडू जाईल तिथे, एक सूतही इकडेतिकडे नाही.

चौथ्या शनिवारी नवा मॅनेजर आला. ढोल वाजत होता, भोंगा त्याच्या नावाने स्वागताच्या आरोळ्या देत होता. तिचं बोट मैदानाच्या मध्यावर, सुरुवातीच्या शिट्टीची वाट बघत थांबलं होतं.

"कसा आहे गं दिसायला?" त्याने विचारलं.

तिने पुष्कळ वेळ पाहिलं.

"बुटका आहे. निळा कोट. हातात वही आहे."

"आणि तोंड?"

"तोंड इथून नीट दिसत नाही."

"इतकी वर्षं दिसत होतं ते?"

"तेव्हाही दिसत नव्हतं."

तो हसला. खदखदून नाही, पण हसला. शिट्टी झाली आणि तिचं बोट करंगळीच्या बाजूला सरकलं.

"सांग," तो म्हणाला. "दिसतं तेवढं सांग."