बयाबाईंचा बहुतेक वाढदिवस

पोलादपूरला एस.टी. स्टँडच्या मागे राहणाऱ्या चारुलताबाई ताम्हणकर गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्यांना ओव्हन भेट दिला. बाईंनी पहिला केक केला आणि त्याच संध्याकाळी नियमही केला. कारणाशिवाय केक नाही, आणि कारण खरं हवं. एक जरी खोटं निघालं तर ओव्हन पुण्याला लेकीकडे, वल्लरीकडे जाईल.

नियम सर्वांसाठी होता. घरात त्या वेळी त्यांचे यजमान रघुवीरराव एकटेच होते.

रघुवीरराव गंभीर वृत्तीचे गृहस्थ. केक आवडतो असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. "प्रसंग साजरे झाले पाहिजेत," एवढंच ते म्हणत. मग घरातल्या प्रत्येकाचा वाढदिवस एकदा तारखेनं झाला, एकदा तिथीनं झाला. लग्नाचा झाला, साखरपुड्याचा झाला. चारुलताबाईंच्या वडिलांनी "घरी विचारून कळवतो" असं म्हटलं होतं, त्या दिवसाचाही झाला. फ्रिजचा झाला. वर्षानुवर्षं रखडलेला महामार्ग पूर्ण झाल्याचा केक त्यांनी राखून ठेवला होता. पण तो आपल्या हयातीत खायला मिळावा, अशीही त्यांची इच्छा होती.

कारणं संपत आली तेव्हा त्यांनी अंडी घेऊन येणाऱ्या रावजीला पडवीत बसवलं. रावजीची वाडी आंबेनळी घाटाच्या खाली.

"रावजी, तुझा वाढदिवस कधी?"

"एक जून."

"तुझ्या भावाचा?"

"एक जून."

"बायकोचा?"

"तिचाबी तोच. मास्तरांनी साळंत नाव घालताना सगळ्यांना एकच तारीख लावली. लग्नाच्या वक्ताला भटजीनं इचारलं, तुम्ही जुळे हाव का?"

रघुवीररावांना मनापासून वाईट वाटलं. अख्खी वाडी एका दिवशी जन्मलेली, म्हणजे अख्खी वाडी एका केकमध्ये संपली.

"आणि आईचा?"

"आये साळंत गेलीच नाय. मंग तिला तारीख कोन देनार?"

"म्हणजे कोरी आहे," रघुवीरराव हळूच म्हणाले. "कधी झाली काही सांगते का?"

"भाताची झोडणी चालली व्हती तवा झाली म्हनं."

बाहेर नोव्हेंबर होता. सगळ्या खोऱ्यात भात झोडायचं काम चाललं होतं. रघुवीररावांनी डोळे मिटून थोडा हिशेब केला. "शुक्रवार," ते म्हणाले.

"शुक्रवार कशावरनं?"

"मंगळवारी लाईट जाते. गुरुवारी हिचा उपास. माणसाला जन्मायला शुक्रवारच उरतो."

चारुलताबाईंनी बातमी शांतपणे ऐकली. "ज्याचा वाढदिवस त्यानंच कापायचा," त्या म्हणाल्या. "बयाबाईंना घेऊन या."

शुक्रवारी रावजी आईला घेऊन आला. बयाबाईंनी नव्या भाताचे पोहे आणले होते. ओव्हनमध्ये गूळ-नारळाचा केक फुगत होता आणि वास पार स्टँडवरच्या कंट्रोलरपर्यंत गेला होता. चारुलताबाई सुरी घेऊनच बाहेर आल्या.

"बयाबाई, खरं सांगा. तुमचा वाढदिवस आज आहे?"

रघुवीरराव भिंतीवरच्या पालीकडे पाहू लागले.

"आज?" बयाबाईंनी विचार केला. "मला काय ठाव गो? मी तवा ल्हान व्हते."

चारुलताबाई आत गेल्या, ओव्हनचं बटण बंद केलं आणि फोन घेऊन आल्या. "वल्लरीला सांगते, गाडी पाठव."

"अगं, पण झोडणी..."

"झोडणी महिनाभर चालते. तुम्ही त्यातून शुक्रवार कुठून काढलात?"

"शुक्रवारी लाईट जात नाय म्हनून, बाई," रावजीनं मदत केली.

फोन लागला. "हॅलो आई?" पलीकडून वल्लरी म्हणाली. रघुवीररावांच्या डोळ्यांसमोर ओव्हन वरंध घाट चढायला लागला.

"चारू!" ते ओरडले. "आज नाही, हे तरी कुठे सिद्ध झालंय?"

चारुलताबाई थबकल्या. हा प्रश्न पतीचा असता तर त्यांनी सोडून दिला असता, पण तो गणिताचा होता.

"सिद्ध नाही झालेलं," त्यांनी मान्य केलं. "शक्यता शून्य नाही."

"मग आज नाही कापला, आणि आजच असला तर?"

"मंग माझा वाढदिवस बुडला की गो!" बयाबाई म्हणाल्या.

"आये, आजवर बुडतच आला ना?" रावजी म्हणाला.

"तवा मला ठाव नव्हतं."

चारुलताबाईंनी जरा वेळ हवेत बोटांनी काहीतरी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मग त्या फोनवर म्हणाल्या, "वल्लरी, ओव्हन येत नाही. त्याला काम आहे."

निकाल असा लागला. झोडणी संपेपर्यंत रोज एक केक होईल. त्यातला एक खरा असणारच. कुठला ते कळणार नसल्यानं प्रत्येक केक पुरता संपला पाहिजे, कारण शिळा टाकलेला तुकडा नेमका खऱ्याचाच असायचा. आणि मागणी ज्यांची, संपवायचा त्यांनी.

रघुवीररावांनी पत्नीच्या बुद्धीचं मनापासून कौतुक केलं. पहिले काही दिवस ते पहाटे स्वतः उठून केकचं भांडं पुसून ठेवत. पुढच्या आठवड्यात त्यांना एकादशी आठवली. आयुष्यात न केलेली एकादशी. बाईंनी वरीच्या पिठाचा आणि दाण्याच्या कुटाचा केक केला. मग त्यांचं पोट बिघडलं. बाईंनी केक दुधात मऊ कुस्करून दिला. मग ते महाडला मित्राकडे गेले. डबा पुढच्या एस.टी.नं आला, कंडक्टरनं "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणून हातात दिला.

एका सकाळी रावजी खळ्यावर आला, तर रघुवीरराव आधीच तिथं. बाह्या सरसावलेल्या, अंगभर तूस, आणि भाताची पेंढी डोक्यावरून फिरवून फळीवर आपटत होते. जन्मात विळ्याला हात न लावलेला माणूस.

"भाऊ, दमानं!" रावजी घाबरला. "इतकी घाई कसली?"

"झोडणी संपली पाहिजे," रघुवीरराव धापा टाकत म्हणाले. "आजच्या आज."

बांधावर बयाबाई पोलादपूरहून आलेला डबा उघडून बसल्या होत्या. "खाऊन घ्या वो आधी," त्या म्हणाल्या. "आज माझा वाढदिवस असंल."

रघुवीररावांनी डब्याकडे पाठ केली. "रावजी, आता किती राहिलंय?"

"झोडायचं व्हय? झालं म्हना. पन डोंगराकडचं उशिरा पिकनारं गरवं भात अजून उभंच हाय. ते कापायचं, सुकवायचं, मंग झोडायचं."

रघुवीररावांनी डोंगराकडे पाहिलं. मग पेंढी खाली ठेवली.

"विळा आण," ते म्हणाले.