बिनदाढीचा सांता

“अगं, ह्याची दाढी कुठे गेली?” मी विचारलं.

माझ्या भाचीने, बिट्टीने, मान वर न करताच उत्तर दिलं, “काकांच्या कार्डावरच्या सांताला दाढी नाहीये.”

“पडली की काय?”

“नाही. लावायचीच नाहीये.”

टेबलावर नाताळची कार्डं वाळत पडली होती. तिच्या आईच्या कार्डावरच्या सांताची दाढी पार बेंबीपर्यंत आली होती. माझ्या कार्डावरच्याने तर मधोमध भांग पाडून दाढीचे दोन भाग केले होते, आणि वर मिशाही पिळलेल्या. आणि हा एकटा, गुळगुळीत हनुवटीचा. लाल टोपी घातलेला एखादा हेडमास्तर दिसत होता. मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर मनातून गारेगार वाटलं. काका म्हणजे मुलांच्या आईचा नवा नवरा. त्याला असाच सांता मिळायला हवा होता.

आमचा बाळ्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, केस कापतो. खाली त्याचं सलून आणि वर आमच्या दोन खोल्या. चाळिशी उलटलेला घोडा आहे, पण माझ्यासाठी बाळ्याच. केस कापणारी माणसं बडबडी असतात म्हणतात. हा कुठून पैदा झाला देव जाणे, खुर्चीत गिऱ्हाईक बसलं की ‘मान खाली’ आणि ‘झालं’ याखेरीज शब्द नाही. बायको सोडून गेली तेव्हासुद्धा मला एवढंच म्हणाला, “नाही जमलं आमचं, ताई,” आणि खाली जाऊन शटर उघडलं. मी मात्र आठवडाभर भांडी आपटत होते. घरात कोणीतरी आपटायला नको का?

रविवार म्हणजे सलूनचा खरा कमाईचा दिवस. पण मुलं रविवारी येतात, म्हणून दोन वर्षं हा रविवारी कुलूप लावतो. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात. हा वर बसून पोरांशी पत्ते खेळतो, मुद्दाम हरतो.

आणि आता तेही संपणार होतं. नव्या नवऱ्याची बदली झाली होती, रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. मंगळवारी सगळं बिऱ्हाड हलणार. नाताळही तिकडेच. म्हणजे आजचा हा शेवटचा रविवार, मग थेट शाळेच्या सुट्टीत, तेही जमलं तर. सकाळपासून हे मला ठाऊक होतं, बाळ्याला ठाऊक होतं, बिट्टीला ठाऊक होतं. फक्त तिचा पाच वर्षांचा भाऊ ढब्बू काय तो सुखी जीव. त्याने डिंक निम्मा कार्डाला आणि निम्मा स्वतःच्या केसांना लावला होता.

दाढ्यांची कल्पना बाळ्याची. मी कापूस काढून ठेवला होता, तर म्हणतो, “कापसाची कसली दाढी, ताई? फुंकर मारली की उडेल.” खालून त्याने गिऱ्हाइकाच्या मानेभोवती गुंडाळायच्या मऊ पांढऱ्या कागदी पट्ट्या आणल्या आणि स्वतःची चांगली कात्री. कागदाने धार मरते म्हणून त्या कात्रीला मला कधी हात लावू देत नाही, एकदा दुधाची पिशवी कापली तर दोन दिवस अबोला धरला होता. आज मात्र तीच कागदावर चालवली. पट्टीच्या बारीक झिरमिळ्या कापायच्या, कात्रीचं पातं त्यावरून अलगद ओढायचं, की कागदाचा मस्त कुरळा केस तयार. बिट्टी ते पाहून शिकली. पोरीचा हात बापाचा आहे.

“माझ्या काकांना मी बंब काढलाय,” ढब्बूने जाहीर केलं. “काका मला गाडीचा हॉर्न वाजवू देतात.”

“तुझे काका नाहीयेत ते,” बिट्टी म्हणाली.

“आहेत!”

“नाहीयेत!”

“बरं, बरं,” बाळ्या म्हणाला. “बंबाला चाकं काढ, नाहीतर आग विझायची नाही.” ढब्बू चाकं काढायला लागला. मग बाळ्याने तो गुळगुळीत सांता उचलून पाहिला. “बिट्टी, गिऱ्हाइकाला अर्ध्यात उठवायचं नाही.”

“तो असाच छान दिसतो.”

“राहू दे की रे,” मी मध्ये पडले. “ज्याची जशी लायकी, तशी त्याची दाढी.”

बाळ्याने माझ्याकडे पाहिलं. “ताई, चहा टाक.”

चहा आत्ताच झाला होता. पण मी उठले. ओटा चार पावलांवर, त्यामुळे कान जागेवरच राहिले.

त्याने स्टूल तिच्याजवळ ओढलं. “का गं?”

तिने डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं. मग एकदम म्हणाली, “चांगलं झालं तर त्यांना वाटेल, मला ते आवडतात.”

“मग? आवडत नाहीत?”

“तसं नाही.” ती कार्डाचा कोपरा दुमडायला लागली. “ते वाईट नाहीयेत. गणित शिकवतात. ओरडत नाहीत. पण मग तुला काय वाटेल, बाबा?”

माझ्या हातातला चहाचा डबा तसाच राहिला. आत्ता हा नेहमीसारखा ‘काही नाही’ म्हणणार, मला खात्री होती. पण नाही.

“थोडं वाईट वाटेल,” बाळ्या म्हणाला. “खोटं कशाला सांगू? मग बरं वाटेल.”

“बरं कसं वाटेल?”

“हे बघ. तिकडे तुला एकदम ताप आला, तर पाणी कोण देणार?”

“आई.”

“आई कामावर असली तर?”

बिट्टीने कोपरा आणखी दुमडला.

“मी इथे असणार. मला कळणारसुद्धा दुसऱ्या दिवशी. तेव्हा जो माणूस तिथे असेल, त्याचं आणि तुझं बरं असायला हवं. नाहीतर मला इथे झोप कशी लागेल, सांग?”

ती रडली. तिचं रडणंही बापासारखं, आवाज नाही, नुसती नाकातून सूं सूं. त्याने तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि केसांत बोटं फिरवत बसला. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले आणि उकळत्या पाण्यात चहा टाकायचा राहून गेला.

मग तिने नाक पुसलं आणि नवी पट्टी घेतली. सगळ्यांत बारीक झिरमिळ्या तिने त्या दाढीच्या कापल्या. एकेक केस पात्यावरून ओढून वळवला. बाळ्याने हात लावला नाही, नुसतं ‘हां, हळू’ म्हणत राहिला. दाढी लागली आणि काय सांगू, हेडमास्तर जाऊन एकदम आजोबा आले. माझ्या कार्डापेक्षा चांगला झाला होता, मेला.

“आत काय लिहू?”

“मनात असेल ते लिही. उगीच गोड गोड नको.”

तिने पेन चावत चावत लिहिलं, “काका, नाताळच्या शुभेच्छा. दाढी ओढू नका, निघेल.”

संध्याकाळी नेहमी खालून हॉर्न वाजतो आणि मी मुलांना जिन्यापर्यंत सोडते. दोन वर्षांत तो माणूस कधी वर आला नाही. आज बेल वाजली. मुलांचे स्वेटर, खेळणी, सायकलचं हेल्मेट अशा पिशव्या न्यायच्या होत्या ना. त्याला काय काय सुनावायचं ते माझं तोंडपाठ होतं, भांडी आपटता आपटता पाठ केलेलं. दार उघडलं, तर दारात एक घामाघूम, घाबरलेला माणूस. पायपुसण्यावर बूट पुसतोय, पुसतोय, थांबतच नाही.

“या,” मी म्हटलं. दुसरं काही आठवेना.

बिट्टीने कार्ड त्याच्या हातात कोंबलं. “हे तुमचं.”

त्याने उघडून वाचलं. हसला. एका बोटाने दाढीला अगदी हळू हात लावला आणि लगेच काढून घेतला. “नाही ओढणार,” तो म्हणाला. कार्ड मिटून पिशव्यांच्या सगळ्यांत वर ठेवलं. बिट्टीने त्याच्याकडे आणि मग बापाकडे पाहिलं. बाळ्याने मान डोलावली. ती स्वतःची पिशवी उचलून जिन्यात जाऊन उभी राहिली.

ढब्बू बाळ्याच्या खांद्यावर गाढ झोपला होता. केसांत अजून डिंक.

“उठवू का त्याला?” त्या माणसाने विचारलं.

“नको. मधेच उठवलं की रडत बसतो,” बाळ्या म्हणाला. “असाच घ्या.”

झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर द्यायचं तर लांबून जमत नाही. दोघांना अगदी छातीला छाती लावून उभं राहावं लागलं. ज्यांनी आजवर एकमेकांकडे धड पाहिलं नव्हतं, ते दोघे माझ्या दारात मिठी मारल्यासारखे उभे.

“मानेखाली हात घ्या,” बाळ्या कुजबुजला. “हां. आता दुसरा कमरेखाली. धरलंत?”

“धरलं.”

“नीट धरलंत?”

“हो. धरलंय नीट.”

“मग सोडतो,” बाळ्या म्हणाला. पण त्याचा हात पोराच्या पाठीवर तसाच होता. त्या माणसाने घाई केली नाही. तोही तसाच उभा राहिला.