सुई धरणारा हात

संयोजकबाईंनी पिशवी मोठ्या प्रयोगशाळेच्या संचालकांच्या टेबलावर ठेवली, पण खुर्ची ओढली नाही.

"आमच्या मुलीला निवडलंत आणि आठवडाभरात नको म्हणालात. गेल्या वर्षीही हेच. विद्यावेतन आमचा ट्रस्ट देणार, तुमच्या खिशाला काही तोशीस नाही. मग त्या जागेवर कोणाचा भाचा बसवताय?"

विज्ञानाच्या पदव्युत्तर मुलांना मोठ्या प्रयोगशाळांत काही महिने काम मिळवून द्यायचं आणि त्यासाठी देणगीदारांच्या मागे लागायचं, हे बाई इतकी वर्षं करत होत्या, की सरळ उत्तर मिळालं तरी कुठेतरी पाणी मुरतंय असंच त्यांना वाटायचं. यंदा तर खात्रीच होती. विभागातली सगळ्यात हुशार मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिच्या हातातोंडाशी आलेला घास दोनदा गेला होता. तिचं शिक्षण यंदा संपणार होतं. पुन्हा संधी नव्हती.

संचालकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "जागा रिकामीच आहे, मॅडम. हवं तर आत येऊन बघा."

असं म्हटल्यावर दुसरं कोणी ओशाळलं असतं. बाई आत गेल्या. मायक्रोस्कोपवर प्लॅस्टिकचं आवरण तसंच होतं. त्यांनी टेबलाचा खणही ओढून पाहिला. तोही रिकामा निघाला.

"मग नको का म्हणालात?"

"तिच्या गाइडचा फोन आला होता. मुलगी अजून कच्ची आहे, म्हणाले. दोन्ही वेळेस. खुद्द तेच असं म्हणाल्यावर आम्ही काय करणार?"

परतीच्या बसमध्ये बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चिमणीच्या गाइडनी, म्हणजे सरांनी, एके काळी त्यांनाही शिकवलं होतं. गेल्या वर्षी नकार आला तेव्हा "अगं, ते लोक तसेच, मनाला लावून घेऊ नकोस," अशी बाईंची समजूतही याच सरांनी काढली होती. फुकट राबणारी हुशार पोर हातची कोण सोडेल? सरांना काय सुनवायचं ते बाईंनी वाटेतच मनात नीट घोळवून ठेवलं.

विभागाच्या प्रयोगशाळेत सर एकटेच होते. मायक्रोस्कोपखाली माशीची अळी, हातात सुई. अळीचा इवलासा मेंदू न फाटता बाहेर काढावा तर सरांनीच, असं त्यांचं नाव होतं. बाई दारातच थांबल्या. सुई काचेवर टकटक वाजत होती. सरांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, तरी ती वाजतच राहिली. फाटलेली अळी बाजूला सारून त्यांनी दुसरी घेतली. बाजूला अशा बऱ्याच साठल्या होत्या.

"चिमणी कुठंय?" बाईंनी विचारलं.

सरांनी हात पटकन टेबलाखाली घेतला. "जेवायला गेलीय. आली की करेल ती हे. तू गेली होतीस ना तिकडे? काय म्हणाले?"

वाटेत घोळवलेलं सगळं बाईंनी बाजूला ठेवलं. राग मात्र गेला नव्हता.

"जागा रिकामी आहे. आणि तुमचा फोन आला होता, असं म्हणाले."

सरांनी फाटलेल्या अळ्यांची काच पुढ्यातून दूर सारली.

"त्यांना आत्ता फोन करा, सर. माझ्यासमोर."

त्यांनी केला. "मुलगी उत्तम तयार आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं." आवाज अजिबात कापला नाही. बाईंनी तरीही फोन मागून घेतला, पलीकडे संचालकच आहेत याची खात्री केली आणि मुलगी सोमवारी येईल असं बजावून ठेवून दिला.

"आता या अळ्यांचं काय करू मी?" सर म्हणाले. ते बाईंना विचारत होते असंही नव्हतं.

बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि चिमणीच्या स्टुलावर बसल्या. सुई धरून त्यांना वर्षं झाली होती. पहिली अळी फाटली, दुसरीही फाटली.

"मनगट टेकव," सर हळूच म्हणाले. "पहिल्यापासून विसरतेस तू."