पहिल्या पेंढीचा मान

हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. कोण लहान, कोण मोठं, हे त्या घटकेला विचारायचं नसतं. वीणा घेऊन उभं राहायचा हा पहारा बायकाही करतात. हे आमच्या कर्जतकडच्या गावात पोराटोरांनाही ठाऊक. तरी माळवस्तीवरच्या कुणाच्या गळ्यात आजवर वीणा गेली नव्हती.

माळवस्ती म्हणजे पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली आणि इथंच राहिलेली घरं. शेळीला तोंड घालायला पाला नाही अशा माळावर त्यांनी दगड वेचले, लिंबोणी जगवली. सप्ताहाच्या पंगतीत भाकरी त्यांच्याच बायकांच्या हातच्या. पण वीणेचं नाव निघालं, की पहारे लावणारे बिभीषणतात्या म्हणायचे, "पहारा गावकऱ्यांचा असतो."

यंदा वस्तीवरच्या राहीबाईनं मनाशी ठरवलं. कीर्तनाला आलेले गहिनीनाथ महाराज पारावर चहा घेत होते, तिथं ती गेली.

"महाराज, आज दृष्टांत आमच्या वस्तीचा द्या. आमी कसं आलो, कसं ऱ्हायलो, समद्यांना कळंल तरी."

"एवढं काय झालं, माय?"

"यंदा वीणा मिळाली तर मिळाली. न्हाईतर म्होरल्या साली वस्तीवर येगळा सप्ता. फैयाजला मांडवाचं बोललेय बी."

मांडववाला फैयाज तिथंच भोंगा बांधत होता. तो वरूनच म्हणाला, "मला धंदाच हाय, महाराज. पन एका गावात दोन सप्ते, बरं दिसत न्हाई."

तात्यांच्या कानावर हे गेलंच, तसे ते पारावर आले. "कीर्तनात वस्तीचं नाव काढायचं न्हाई, महाराज. देवाधर्माचं सांगा."

राहीबाईचा चेहरा उतरला. महाराज मिशीत हसले. "बरं तात्या. इथलं नाव काढत नाही."

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. मागं टाळकरी, मधोमध वीणा घेऊन खुद्द तात्या. अभंग रंगला, मृदंग थांबला. महाराजांनी उपरणं कमरेला खोचलं.

"मंडळी, आता चला समुद्रापल्याड! माझा भाचा अमृत अमेरिकेत शेतावर कापणीचं यंत्र चालवतो. तो राहतो ते गाव वसवलं स्लोव्हाक आणि चेक लोकांनी. ही युरोपातली माणसं, एकमेकांच्या शेजारची. बोलीत फरक म्हणाल तर आपल्या कर्जतच्या आणि पाथर्डीच्या बोलीत असेल तेवढा!"

बायकांत हशा पिकला.

"घरच्या तुकड्यावर पोट भरेना, म्हणून बोटीत बसले. आधी कोळशाच्या खाणीत राबले. मग एक ओसाड माळ मिळाला. पुरुषभर गवत, विहिरीला पाणी खारट. शेजारचं जुनं गाव म्हणालं, हे खाणीतले उंदीर काय शेती करणार! पण त्या बायकांनी येताना पदरात काय बांधून आणलं होतं? खसखस! ती दारात पेरली. माळावर गहू डोलायला लागला.

"आता सुगी झाली, की पहिली पेंढी देवापुढं ठेवायची त्यांची रीत. चर्च जुन्या गावात. गहू माळाचा, गाणं माळाचं, पण पेंढी नेण्याचा मान जुन्या गावकऱ्यांचा. एका सालाला एक म्हातारी पेंढी उराशी धरून दारात उभी राहिली. म्हणाली, मी पिकवलीय, देवापाशी मीच नेणार. तर गावचा पुढारी आडवा आला..."

आणि महाराज थांबले. कमरेचं उपरणं सोडून घाम पुसू लागले.

तात्यांना काही दम निघेना. "मग? जाऊ दिली का न्हाई?"

"तुम्ही पुढारी असता तर?"

"म्या? हाताला धरून नेली असती तिला! पिकवायचं तिनं आन् मान दुसऱ्याला? ह्यो कुठला न्याय?"

माईक समोरच होता. तात्यांचा न्याय भोंग्यातून पार माळवस्तीपर्यंत गेला. मग बायकांत कुणीतरी खुदकन हसलं. तात्यांनी आपल्या गळ्यातल्या वीणेकडं पाहिलं.

"महाराज, इथलं नाव काढायचं न्हाई ठरलं हुतं."

"काढलं का मी?"

तात्या हट्टी खरे, पण वीणा गळ्यात असताना बोललेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता. खाकरले. म्हणाले, "राहीबाई, या."

राहीबाई पिठाचे हात पदराला पुशीत आली. ती वाकली. तात्याही वाकले, आणि त्यांचा फेटा सुटून तिच्या पायांशी जाऊन पडला. तिनं तो उचलून त्यांच्या हाती दिला, त्यांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. तिनं तार छेडली. माऊलीच्या गजरानं मांडव हलला.

पंगतीत तात्या महाराजांशेजारी सरकले. "तिकडं खरं काय झालं वो?"

"नाही जाऊ दिली. म्हातारी पेंढी घेऊन माघारी फिरली, तिच्या मागं सगळा माळ. माळावरच त्यांनी आपलं चर्च बांधलं, दुकान टाकलं, शाळा काढली. अमृत राहतो ते हेच गाव."

"आन् जुनं गाव?"

"रस्त्याकडेला नावाची पाटी उरलीय म्हणे."

तात्यांचा घास हातातच राहिला. "बरं झालं, मधीच थांबलात." मग मोठ्यानं ओरडले, "फैयाज, त्यो म्होरल्या सालचा दुसरा मांडव मोडून टाक!"

"कवाच मोडला, तात्या," आमटी वाढता वाढता फैयाज म्हणाला. "तुमी भोंग्यात बोललात तवाच."