भाऊजींनी सोडली, ताई उतरली

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करतात. तीस वर्षं हेच काम. किराणा दुकानातला काटा, सोनाराचा काटा, गोदामातला पोत्यांचा काटा, दवाखान्यात तान्ह्या बाळांना निजवून तोलतात तो काटा, सगळे त्यांच्या हाताखालून जातात. त्यामुळे 'अंदाजे', 'साधारण', 'जवळजवळ' हे शब्द त्यांना खपत नाहीत. कुणी 'किलोभर' म्हटलं की ते विचारतात, "भर म्हणजे किती?"

हा काटेकोर माणूस रोज संध्याकाळी सात वाजता दोन पेग घ्यायचा. तेही मापून, थेंबभर इकडे नाही की तिकडे. बाल्कनीत वेताची खुर्ची, स्टुलावर खाऱ्या दाण्यांची वाटी, समोर रस्ता. आरडाओरडा नाही, रडगाणं नाही. प्यायले की उलट आणखी गप्प व्हायचे आणि नऊ वाजता जेवून झोपायला जायचे.

आणि ते बाल्कनीत बसले की ताई मला फोन करायची. सात ते साडेआठ. ती तिच्या सोफ्यावर, मी माझ्या. त्या दीड तासात आम्ही निम्म्या नातेवाइकांची धुणी धुवायचो. त्यात रोज पाच-सात मिनिटं भाऊजींच्या पिण्यावरही जायची. "बाटलीशीच लग्न करायचं होतं या माणसानं," ताई म्हणायची. मी म्हणायचे, "खरंय गं बाई." मग आम्ही पुढच्या विषयाकडे वळायचो.

मग भाऊजींच्या रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी ते वाचता वाचता दोनदा चष्मा काढला आणि दोनदा घातला. यकृतावर चरबी, रक्तदाब वर, आणि वजन चौऱ्याण्णव किलो.

"एक महिना दारू पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "मग परत तपासू. चार-पाच किलो तर सहज उतरतील."

"चार की पाच?" भाऊजींनी विचारलं. आणि मग काट्यावरून न उतरताच म्हणाले, "शिवाय बाई, तुमचा हा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतोय. मला उभं राहताक्षणी शंका आली."

त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला, दवाखान्याच्या फरशीवर बैठक मारली आणि दहा मिनिटांत काटा सरळ केला. बाहेर पेशंट ताटकळले होते. पुन्हा उभे राहिले तर त्र्याण्णव किलो सहाशे. "बघ," ते ताईला म्हणाले, "सुरुवात तर झाली."

ताईच्या आनंदाला पारावार नव्हता. त्या संध्याकाळी तिनं मला फोनवर सांगितलं, "तुला सांगते, माझ्या जिवाला आता कुठे स्वस्थता मिळणार." ती बिचारी मनापासून बोलत होती.

पहिला आठवडा झकास गेला. भाऊजींनी कामावरून एक मोठा काटा उचलून आणला आणि दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी मांडला. फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी उठून दात घासायच्या आधी वजन, आणि तक्त्यावर पेन्सिलीनं एक टिंब. आठव्या दिवशी टिंब साडेब्याण्णववर आलं. सव्वा किलोच्या आसपास, असं मी म्हटलं तर फोनच्या मागून आवाज आला, "एक किलो शंभर!"

हा आवाज ऐकला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कारण भाऊजींना आता सात वाजता करायला काहीच नव्हतं. बाल्कनीत नुसतं बसवेना. खुर्ची दिसली की घसा कोरडा पडायचा. म्हणून ते घरात आले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपलं घर नीट बघितलं. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी वजनाच्या क्रमानं लावले. ताईला साखर सापडेना, मीठ सापडेना. बिस्किटाचा पुडा तोलला तर छापलेल्या वजनापेक्षा सहा ग्रॅम कमी भरला. त्यावर त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं आणि ताईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मसुदा सुधारून पुन्हा वाचून दाखवलं.

आणि त्यांनी आमच्या फोनात शिरकाव केला.

"कोण, धाकटी का? स्पीकरवर टाक ना." मग ते ताईच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसायचे. आम्ही आमच्या चुलत वहिनीच्या नव्या घराबद्दल बोलत असलो की ते विचारणार, "किती चौरस फूट?" आम्ही आत्याच्या गुडघ्याबद्दल बोलत असलो की ते सांगणार, गुडघ्यावर माणसाच्या वजनाच्या तिप्पट भार येतो आणि तो कसा मोजतात. आता वहिनीच्या घराबद्दल बोलायचं म्हणजे चौरस फुटांबद्दल थोडंच बोलायचं असतं? आमचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत आटपायला लागलं. ताई नुसतं "हं, हं" करायची. मीही "हं" करायचे. भाऊजी मात्र खुलले होते. "आपण तिघं असे कधी बोललोच नव्हतो," ते म्हणाले. ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात टिंब थांबलं. तिसऱ्या आठवड्याच्या तोंडावर ते वर चढायला लागलं. त्र्याण्णव. त्र्याण्णव तीनशे. भाऊजींनी पहिला संशय काट्यावर घेतला. उघडला, पुसला, पुन्हा जोडला. काटा म्हणाला, त्र्याण्णव तीनशे. त्यांनी दुसरा काटा आणला. मग तिसरा, स्प्रिंगचा. चौथा गोदामातला होता, त्याच्यामुळे दिवाणखान्याचं दार अर्धंच उघडायला लागलं. चारही काट्यांनी एकमतानं साक्ष दिली. चोर आरशात दिसत होता.

झालं होतं काय, की दारू गेली आणि तिच्या जागी गोड आलं. सात वाजले की भाऊजींच्या हाताला चैन पडायची नाही. हात आपोआप फ्रिजकडे जायचा. जॅमची बाटली चमच्यानं चार दिवसांत रिकामी. आइस्क्रीमचा मोठा डबा, त्यावर चॉकलेटचा रस, त्यावर ते सहा ग्रॅम कमी भरलेले बिस्किटांचे पुडे. ताईनं विचारलं तर साळसूदपणे म्हणाले, "यात दारू नाही ना? मग झालं तर!"

"अहो, पण वजन?"

"डॉक्टर म्हणाल्या, दारू सोडली की वजन उतरतं. मी माझी बाजू पाळतोय. आता वजनानं त्याची पाळावी."

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला तर मागून बसचे भोंगे ऐकू येत होते.

"कुठे आहेस गं?"

"बाहेर." तिला धाप लागली होती. "चालतेय."

"कुठे चाललीयस?"

"कुठेही. घर सोडून."

तिनं युक्ती काढली होती. सात वाजायच्या आत पायात बूट चढवायचे, 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणायचं, आणि भाऊजींना त्यांचे बूट सापडायच्या आत जिना उतरायचा. मग बस डेपोपर्यंत जायचं आणि परत यायचं. सगळं मिळून साडेपाच किलोमीटर, आणि तेवढा वेळ आमचं बोलणं पहिल्यासारखं सुखात. पावसाची भुरभुर असली तरी जायची. एकदा सर्दीतही गेली. मी मात्र माझ्या सोफ्यावरच होते, मांडीवर चिवड्याबिवड्याची वाटी घेऊन. त्याचा हिशेब इथे नको.

एकोणिसाव्या दिवशी ताईचा बांध फुटला. भाऊजींनी त्या दुपारी तिच्या कपाटातल्या साड्या वजनाप्रमाणे लावल्या होत्या. ती फोनवर हळूच म्हणाली, "मी वेड्यासारखं काहीतरी केलं तर तू मला नावं ठेवणार नाहीस ना?"

"काय करणार आहेस?"

"बाटली आणलीय."

माझ्या हातातली वाटी तिरपी झाली. "ताई! अगं, डॉक्टर?"

"एक दिवस गं. एकच दिवस. त्यांना गप्प बसलेलं बघायचंय मला."

तिनं बाटली बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवली. शेजारी ग्लास. शेजारी खारे दाणे, अगदी वाटीत. भाऊजी आले, बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "तू माझी परीक्षा घेतेस होय?" ते म्हणाले. "घे, घे. मी उतरणार या परीक्षेला." त्यांनी दाणे खाल्ले, बाटली उचलली आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना नेऊन दिली. मग वर येऊन ताईला आपल्या निश्चयाबद्दल पाऊण तास सांगितलं. मला हे सांगताना ताईला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. मास्तर म्हणे पुढच्याच आठवड्यात जिन्यात विचारत होते, "आता पुढची परीक्षा कधी?"

तिसाव्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. भाऊजींनी हट्टानं मलाही नेलं. म्हणाले, साक्षीदार हवा. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातल्या किल्ल्या, पेचकस, पाकीट सगळं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि नवरदेवासारखे काट्यावर चढले.

त्र्याण्णव किलो चारशे.

महिनाभराची तपश्चर्या, आणि उतरले दोनशे ग्रॅम. एवढं वजन तर चप्पल काढली तरी कमी होतं. भाऊजी आकड्याकडे बघत राहिले. त्यांनी काट्यावर संशय घेतला नाही; तो त्यांनीच दुरुस्त केलेला होता.

डॉक्टरीणबाई मात्र खूश होत्या. "वजनाचं जाऊ दे हो. रक्तदाब उतरलाय. यकृताचे आकडे बघा, केवढा फरक! महिन्यात एवढं म्हणजे पुष्कळ झालं. आता गोड कमी करा." मग त्यांची नजर ताईवर गेली. "आणि तुम्ही काय केलंत? किती बारीक झालात! या इकडे."

ताई नको नको म्हणत चढली. त्यांनी जुनं कार्ड काढून बघितलं. दोन किलो कमी.

"औषध कुठलं?" बाईंनी विचारलं.

ताई माझ्याकडे बघायला लागली, मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे.

"ती रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जाते," भाऊजींनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. "मला एकदाही सोबत येऊ दिलं नाही. मी बूट घालेपर्यंत पसार!" आणि बोलता बोलता ते थांबले. हिशेबाचा माणूस. तारीख, वेळ, अंतर, सगळं त्यांच्या डोक्यात एका रेषेत आलेलं मला दिसलं.

"सात वाजता," ते म्हणाले. "बरोबर सात वाजता."

डॉक्टरीणबाईंनी उगाच चष्मा पुसला.

परत येताना बसमध्ये ताई पुढे बसली होती. भाऊजी माझ्या शेजारी. माझ्याकडून पेचकस परत घेत त्यांनी विचारलं, "मी प्यायलेला बरा होतो का गं?"

त्यांच्या आवाजात चिडणं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तीस वर्षं रोज सातला बाहेर जाऊन बसायचात. म्हणजे बाल्कनीत, पण बाहेरच. ताईनं त्या वेळात आपला संसार मांडला होता. तुम्ही एकदम चार काटे घेऊन घरात आलात."

"पाचवा आणायचा होता," ते म्हणाले. आणि मग, "बोलायला कुणी असलं की बरं वाटतं, एवढंच. कामावर मी दिवसभर काट्यांशीच बोलतो."

हे मी ताईला सांगितलं. "मला कधी बोलले नाहीत," ती म्हणाली.

"तू घरात कुठे होतीस?" मी म्हटलं. ती चिडली आणि फोन ठेवून दिला.

महिना संपला, आता प्यायला कुणाची आडकाठी नव्हती. भाऊजींनी एकतिसाव्या दिवशी स्वतःच एक पेग भरला, बाल्कनीत जाऊन बसले आणि ताईला म्हणाले, "तू बस आत. खुशाल फोन कर. मी मध्ये येणार नाही." ताईनं सोफ्यावर बसून मला फोन लावला. तीन मिनिटं बोलली असेल. मग म्हणाली, "माझे पाय वळवळतायत. बसवत नाहीये मला." तिकडे भाऊजींनाही निम्मा ग्लास जाईना, म्हणाले, कडू लागतंय, जॅम जास्त झाला बहुतेक.

मग दोघंही चालायला निघाले. पहिले आठ दिवस भांडत गेले. भाऊजी दर दुकानापाशी थांबायचे, काट्याखाली वाकून बघायचे, फळवाल्याला दोन गोष्टी सांगायचे. ताईचा जीव मेटाकुटीला यायचा. शिवाय माझा फोन बुडायचा. शेवटी तिनंच तोडगा काढला. सातला दोघं एकदमच घरातून बाहेर पडतात. ताई कालव्याच्या कडेनं जाते, पावणेआठपर्यंत माझ्याशी बोलत. भाऊजी बाजारातून जातात, काटे बघत. डेपोच्या बाकावर जो आधी पोहोचेल त्यानं थांबायचं. आणि येताना दोघं एकत्र. येताना बोलायची पाळी भाऊजींची.

शनिवारी एक पेग ते अजून घेतात. वजन एक्याण्णव किलो सातशे आहे. ताई म्हणते, साधारण ब्याण्णव. परवा डेपोत भाऊजी आधी पोहोचले होते, तर माझ्याशी बोलता बोलता ताई एकदम म्हणाली, "ठेवते आता. ते बसलेत बाकावर, एकटेच." घड्याळात पावणेआठ व्हायला अजून सहा मिनिटं होती.